खाटेवरून दिसणारा सडा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीचा पावसाळा मी खाटेवर काढला. बाहेर लोक नव्या राज्याच्या गोष्टी करत होते, राजभाषा मराठी की कोंकणी यावरून धुसफूस अजून चालूच होती, आणि मी डिचोलीजवळच्या एका खाणीच्या क्वार्टर्समध्ये कौलांकडे बघत पडून होते. चौथा महिना लागता लागता मला रक्त जायला लागलं होतं. डॉक्टरबाईंनी तपासलं, हात धुतले आणि ते पुसत म्हणाल्या, "मूल हवं असेल तर उठायचं नाही. संडासला जायचं तेवढंच. बाकी पडून राहायचं."

"पडून म्हणजे?" मी विचारलं.

"पडून म्हणजे पडून. उशीला टेकून बसायचंसुद्धा नाही."

घरी आल्यावर नवऱ्याने खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली जांभ्याचा एकेक चिरा सरकवला. पाय वर, डोकं खाली. पहिल्या दिवशी मला सतत वाटत होतं की मी हळूहळू घसरत भिंतीत जाणार. पाणी प्यायले तर ते नाकात यायचं. मग सवय झाली. उताण्या माणसाला घर वेगळंच दिसतं. भिंतीला कुठे ओल आली आहे, कुठल्या वाशाला वाळवी लागली आहे, कोणत्या कौलाच्या फटीतून उजेड येतो, हे सगळं मला पाठ झालं.

मान डावीकडे वळवली की खिडकी होती. खिडकीतून मागचा उतार दिसायचा, उतारावरची काजूची झाडं दिसायची आणि त्यांच्या वर सड्याची काळी कड. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. सगळा जांभा दगड, वर बोटभर माती. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो आणि त्यावर काडीसुद्धा जगेल असं वाटत नाही. पावसाळ्यात त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साठतं आणि दोन-तीन महिने तिथे इतकी बारीक फुलं येतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. मला कड तेवढी दिसत होती. त्या पलीकडे काय चाललं असेल ते मी पडल्या पडल्या मनातच बघत होते. आता दगडाच्या कपारीत निळी सीतेची आसवं आली असतील. आता कवल्याची पिवळी फुलं संपत आली असतील. आता गेंद वर यायला लागला असेल.

या गेंदासाठीच माझा जीव खालीवर होत होता.

मी पेडण्याची. वनस्पतिशास्त्र शिकले, म्हापशाच्या एका कॉलेजात तात्पुरती नोकरी लागली आणि पणजीतल्या एका वयस्क प्राध्यापकांच्या हाताखाली सड्यांवरच्या वनस्पतींवर संशोधन सुरू केलं. लग्न झालं तेव्हा माहेरच्यांना वाटलं आता हे खूळ जाईल. पण माझा नवरा एका खाणीच्या मोजणी खात्यात होता, त्याला मिळालेली क्वार्टर सड्याच्या पायथ्याशीच होती, आणि मला तर परसात प्रयोगशाळा मिळाल्यासारखं झालं. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी वर जायचे. सप्टेंबरात एकदा एका उथळ तळीत मला वेगळा गेंद दिसला.

गेंद म्हणजे बारीक देठावर बसवलेलं पांढरं बटण. सड्यावर तो हजारोंनी फुलतो आणि लांबून पाहिलं तर कुणी चुरमुरे सांडल्यासारखे वाटतात. त्याच्या कितीतरी जाती आहेत, आणि त्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. एका बटणात शेकडो फुलं असतात, मोहरीहून लहान. ती गरम पाण्यात भिजवून सुईने सोडवायची, भिंगाखाली पाकळ्या बघायच्या, आणि शेवटी बी बघायचं. बियांच्या सालीवरची नक्षी प्रत्येक जातीची निराळी. या तळीतल्या गेंदाचं बटण पांढरं नव्हतं. चुलीतल्या राखेसारखं करडं होतं, आणि पानं पाण्याच्या आत केसांसारखी पसरलेली. मी ते घेऊन सरांकडे गेले. सर माझ्याशी कोंकणीतून बोलायचे आणि मी त्यांना मराठीतून उत्तर द्यायचे. आमचं तसंच चालत आलेलं होतं. त्यांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मान वर केली.

"बरें दिसता. पूण बियो खंय?"

बिया नव्हत्या. मी फुलं घेतली होती ती कोवळी होती. धावत परत वर गेले तर तळीत गुरं शिरून सगळा चिखल झाला होता. त्यानंतर हरमलच्या वरचा सडा पाहिला, पेडण्याचे सडे पालथे घातले, वाळपईच्या बाजूला जाऊन आले. कुठेही तो करडा गेंद दिसला नाही. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बी आणा. बियांशिवाय नवी जात म्हणून लिहिणं म्हणजे तोंड न पाहता माणसाला नाव देणं. मी सही करणार नाही.

ते पुढचं वर्ष आता आलं होतं.

माझी सासू दोडामार्गच्या पलीकडच्या गावात राहायची. माझं कळल्यावर ती पिशवीत दोन लुगडी आणि भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं घेऊन आली आणि तिने घर हातात घेतलं. ती मालवणी बोलायची, चढ्या आवाजात, आणि तिच्या मते माझ्या या अवस्थेचं कारण उघड होतं.

"सड्यार भटाकलंस म्हणान ह्या झाला. तिनसांजेक तळयेच्या पाण्यात पाय घालून बसता काय कोण?"

ती मला पेज भरवायची, माझं अंग पुसायची, भांडं उचलायची. जिच्यावर सगळंच अवलंबून आहे तिच्याशी वाद तरी कसा घालणार? शेजारच्या बायका यायच्या, खाटेच्या कडेला कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसायच्या आणि कुणाकुणाचं काय काय झालं ते सांगायच्या. त्या गेल्या की पंपांचा आवाज ऐकू यायचा. पावसात खाण बंद असते, पण खड्ड्यात साठलेलं पाणी उपसायला पंप अखंड चालू असतात. घर्र करून तो आवाज जमिनीतून चिऱ्यांत आणि चिऱ्यांतून खाटेत यायचा. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की पावाबरोबर एक दिवस आत यायचा आणि तो खोलीतच अडकून पडायचा, माझ्यासारखा.

ऑगस्टात एकदा नवरा जेवताना म्हणाला, "नव्या खड्ड्याची मोजणी सुरू झाली."

"कुठे?"

तो हाताने आमटीत भात कालवत राहिला. मी मान वळवून त्याच्याकडे पाहत होते. खालून वर बघितलं की माणसाची हनुवटी तेवढी दिसते, चेहरा वाचता येत नाही.

"वर," तो शेवटी म्हणाला. "तुझी तळी हद्दीच्या आत येते. पाऊस गेला की मशिनं चढतील."

"हद्दीच्या खुंट्या कोण मारतंय?"

"मीच. दुसरं कोण मारणार?"

मी त्याला म्हटलं, मग निदान तिथली थोडी रोपं आणून द्या. मुळांसकट, डब्यात पाणी घालून. तुम्ही रोज तिथेच असता. त्याने ताट बाजूला सारलं. कचेरीत साहेबाने त्याला बोलावून विचारलं होतं, तुमची मिसेस सड्यावर काय शोधते? नवं राज्य झालंय, नवे मंत्री आलेत, उद्या कोणी वनखात्याकडे अर्ज केला तर कामं अडतील. ती असलं काही लिहीत नाही ना?

"मी म्हटलं, ती आजारी आहे, घरात पडून आहे," तो म्हणाला. "आता मीच तिथून गवत उपटताना दिसलो तर? हे घर कंपनीचं आहे. तू ज्या खाटेवर पडली आहेस ती पण कंपनीची."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला त्याच्यावर रागावताही येईना. त्याची नोकरी त्या खड्ड्यावर, माझी खाट त्याच्या नोकरीवर. मी कौलांकडे तोंड केलं. त्या दिवसापासून आमच्यात तो विषय बंद झाला.

काही दिवसांनी सर मला बघायला आले. गुडघ्याचं दुखणं असूनही दोन बसगाड्या बदलून आले होते, आणि सोबत एका खोक्यात कॉलेजचा छोटा सूक्ष्मदर्शक घेऊन आले होते. बी मिळालंच तर इथेच बघता येईल म्हणून. त्यांनी खिडकीतून सड्याकडे पाहिलं, आपल्या काठीकडे पाहिलं आणि खाली बसले. तेवढ्यात नवरा कामावरून आला. तो मराठीच्या बाजूचा, आंदोलनात मोर्च्यांना गेलेला. सर कोंकणीचे. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि खोलीत एकदम हवा कमी झाल्यासारखं वाटलं.

विषय गेंदाचाच होता. सर सांगत होते, बी बघितल्याशिवाय ही स्वतंत्र जात की जुन्याच जातीचा एक प्रकार, ते ठरवता येणार नाही.

"म्हणजे भाषा की बोली, तसंच," नवरा म्हणाला. "मराठीचा एक प्रकार उचलून वेगळी जात म्हणून जाहीर केली, तसं नको व्हायला."

सरांचा चेहरा लाल झाला. ते कधी नव्हे ते मराठीत बोलले. "तुम्ही बी बघितलंय का? न बघता बोलू नका."

मग दोघेही बोलायला लागले. ग्रंथ, शाळा, पोर्तुगीज, दिल्ली. आवाज माझ्या अंगावरून इकडून तिकडे जात होते. मला उठून बाहेर जाता येत नव्हतं. डोळे मिटले तरी कान उघडे होते. पोटात एक कळ आली आणि मी चादर घट्ट धरली. सासू चहाचे कोप घेऊन दारात उभी होती. तिने एक कोप सरांच्या पुढे ठेवला, एक मुलापुढे आदळला.

"आणि मी काय बोलतंय ता खयच्या पुडयेत बांधतलास, मराठीच्या काय कोंकणीच्या?" तिने विचारलं. "हय एक बाईल मराक टेकली हा. भायर जावन भांडा."

सरांनी चहा संपवून काठी उचलली. सर गेले तेव्हा जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त गेलं. डॉक्टरबाई स्वतः आल्या, इंजेक्शन दिलं आणि चिऱ्यांवर आणखी एकेक चिरा चढवायला सांगितला.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आठवतं ते फक्त खिडकीतलं. ऊन पडायला लागलं होतं. सड्यावर ऊन पडायला लागलं की गेंद पिकतो, तळ्या आटतात, बटणं सुटून वाऱ्याबरोबर जातात आणि वर्ष संपतं. मला पोटातल्या मुलाचा राग यायचा आणि राग आला म्हणून भीती वाटायची. त्याला कळलं तर? ते सोडून गेलं तर? मग मी हात पोटावर ठेवून त्याची समजूत काढायचे, आणि पुन्हा नजर खिडकीकडे जायची.

एका दुपारी सासू बाजारात गेली. मी पाय खाली सोडले. फरशी थंड होती. उभी राहिले तेव्हा सगळी खोली गरकन फिरली, पण मी भिंत धरून चालले. मला फक्त मागच्या दारापर्यंत जायचं होतं, असं मी स्वतःला सांगत होते. दाराची कडी काढली. बाहेरची हवा तोंडावर आली, ओल्या काजूच्या पानांचा वास आला, आणि पायवाट समोर दिसली. मी उंबरठ्यावर किती वेळ उभी होते माहीत नाही. पाय पुढे जाईनात आणि मागेही येईनात. चौकट धरून मी रडायला लागले.

सासूने मला तसंच पाहिलं. मला वाटलं आता ती गाव गोळा करेल. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या काखेत हात घातला आणि मला खाटेवर आणून निजवलं. पायांवर चादर घातली. मग कदेलावर बसली आणि म्हणाली,

"कसला झाड ता? माका सांग. मी जातंय."

"तुम्हाला नाही ओळखता येणार, आई."

"नाय तर नाय. मी सगळा हाडतंय, तू बग."

आणि ती खरोखरच गेली. लुगड्याचा काचा मारून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, माझा नवरा कामावर गेल्यावर. दोन तासांनी परतली ती भाजीच्या पिशव्या भरून. माझ्या पोटावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर पिशव्या उपड्या केल्या. पांढरा गेंद होता, ढीगभर. निळी फुलं होती, गवतं होती, एक ऑर्किड होतं आणि एक बेडूक होता. बेडूक उडी मारून खाटेखाली गेला. मी किती दिवसांनी हसले. ती मात्र गंभीर होती.

"हेच्यातला खयचा?"

"यातलं कुठलंच नाही."

"मगे ता कसा दिसता ता नीट सांग. पांढरा नाय तर कसा?"

मी सांगितलं, राखेसारखं. पानं पाण्यात, केसांसारखी. ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा वर धुकं उतरलं. सड्यावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि नव्या माणसाला दिशा म्हणून राहत नाही. दुपार झाली, पेज थंड झाली, ती आली नाही. मी खाटेवर पडून हाका मारत होते. त्या भिंतीला लागून माझ्याकडेच परत येत होत्या. काय वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. माझ्या एका गवतासाठी मी एका बाईला डोंगरावर पाठवलं होतं आणि तिला शोधायला मला खाटेवरून उतरता येत नव्हतं. शेवटी खाणीच्या राखणदाराने तिला आणून सोडलं. एका खड्ड्याच्या कडेला ती उभी सापडली होती. पायाला खरचटलं होतं आणि पिशवी हातातून सोडलेली नव्हती.

राखणदाराने पाहिलं म्हणजे कचेरीत कळलं, आणि कचेरीत कळलं म्हणजे नवऱ्याला कळलं. तो आला तोच तापलेला.

"तुमका दोघींक अक्कल आसा काय? माझी नोकरी घालवतल्यात!"

सासू पायाला हळद लावत होती. "नोकरी तुझी," ती शांतपणे म्हणाली. "मी खंय तुझ्या कंपनीत कामाक आसंय? म्हातारेन सड्यारची भाजी काडली म्हणान माका कोण काडून टाकतलो? सांग त्या सायबाक, आवशीक गेंदाची भाजी करूची होती."

"गेंदाची भाजी होत नाय."

"तेका खंय म्हायत आसा?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो बाहेर गेला, हातपाय धुऊन आला, जेवायला बसला. मग ताट उचलता उचलता, कोणाकडेही न बघता तो आईला म्हणाला, "आंब्याकडसून वर गेल्यार लाल फडक्याची खुटी दिसतली. तेच्या उजव्या हाताक देंवती, खाली उतार आसा. थंय पाणी आसा." आणि थोडं थांबून, "धुक्यात जांव नको. आणि मी काय सांगूक नाय."

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर सासू गेली आणि लवकर परतली. तिच्या हातात माझा जेवणाचा डबा होता. झाकण काढून तिने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला. चिखल, पाणी, आणि पाण्यात केसांसारखी पानं. वर करडी बटणं, विझलेल्या आगकाड्यांच्या गुलांसारखी.

"ह्या?"

मी नुसती मान हलवली.

"ह्याच्यासाठी?" ती म्हणाली. तिने डबा आपल्या डोळ्यांजवळ नेला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "ह्या तर काय्येक नाय." तिचा विश्वास बसत नव्हता, पण तिने तो डबा खाली ठेवला तो दोन्ही हातांनी.

बिया अजून पिकल्या नव्हत्या. ती रोपं आम्ही मातीच्या पसरट भांड्यात चिखलासकट लावली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. सासू त्यात रोज पाणी घालायची, "पी गो बाय" म्हणत. त्यातली काही कुजली. उरलेल्यांकडे मी भिंगातून पडल्या पडल्या बघत राहायचे. नवरा त्या खोलीत आला की भांड्याकडे पाठ करून बसायचा, पण एकदा वारा सुटला तेव्हा खिडकीचं दार त्यानेच उठून ओढून घेतलेलं मी पाहिलं.

एके सकाळी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर बटण झाडलं आणि रव्यापेक्षा बारीक, तांबूस असं काहीतरी पडलं. सरांना निरोप गेला. ते आले, सूक्ष्मदर्शक मेजावर मांडला, आरशाने खिडकीतला उजेड पकडला आणि नळीला डोळा लावला. मला तिथपर्यंत जाता येत नव्हतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. किती वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग ते उठले, मेज ओढून माझ्या खाटेला लावलं, सासूने आणि त्यांनी मिळून मला कुशीवर केलं, आणि मी पाहिलं. तांबूस, लंबगोल बी. त्याच्यावर ओळीने उभे असलेले बारीक आकडे, आणि प्रत्येक आकड्याचं टोक दुभंगलेलं. असं बी आमच्या कुठल्याच ग्रंथात नव्हतं.

सर मराठीत म्हणाले, "लिहायला घ्या."

मला आनंद झाला, नाही असं नाही. पण मी तशीच कुशीवर होते, पाय वर, डोकं खाली, आणि सासू मला परत उताणी करायला थांबली होती. सर गेले. पंप चालूच होते. पुढचे सगळे महिने मी त्याच कौलांखाली काढले. पोटावर पाटी ठेवून, पेन्सिलीने, कारण पेनातली शाई उलटी चालत नाही. पाकळ्यांची, बियांची चित्रं काढली. डिसेंबरात म्हापशाच्या इस्पितळात मुलगी झाली. अशक्त होती, पण आवाज माझ्या सासूसारखा खणखणीत.

बाळंतीण म्हणून पुन्हा घरात. बाहेर पडले तेव्हा उन्हाळा सुरू होत होता. नवरा म्हणाला, मी येतो सोबत. मुलीला सासूकडे ठेवून आम्ही वर गेलो. इतके महिने न चाललेले पाय थरथरत होते, त्याने माझा दंड धरला होता. आंबा होता. पुढे लाल माती, चाकांच्या खुणा आणि मग एकदम काहीच नाही, नुसता खोल तांबडा खड्डा आणि तळाला खेळण्यातल्यासारखी मशिनं. तळी कुठे असेल त्याचा अंदाज मी हवेतच बोट दाखवून केला.

"त्याच्या थोडं अलीकडे," नवरा म्हणाला. त्याला तिथली मोजमापं ठाऊक होती.

आम्ही उभे राहिलो. त्याने माफी मागितली नाही आणि मीही काही विचारलं नाही. धूळ यायला लागली तसे खाली उतरलो.

निबंध लिहिताना नावावरून अडलं. सरांना गावाचं नाव द्यायचं होतं. पण गावाचं कुठलं नाव? सरकारी कागदावर बिचोलिम, लोकांच्या तोंडी डिचोली, आणि त्या दिवसांत कुठलंही स्पेलिंग उचललं तरी कोणाची तरी बाजू घेतल्यासारखं व्हायचं. सर चिडले, हसले आणि शेवटी राखेवरून नाव ठेवलं. ठिकाण लिहिताना माझा हात थांबला. नवरा अजून त्याच कंपनीत होता, आम्ही अजून त्याच घरात होतो. मी लिहिलं, "डिचोलीजवळचा जांभ्याचा सडा". सरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, खोडलं नाही. नमुना कोणी गोळा केला त्या जागी सासूचं नाव घातलं, तेव्हाही त्यांनी ते राहू दिलं.

छापून आलं तेव्हा सासू गावाहून आली होती. तिने आपलं नाव बोटाने चाचपून पाहिलं. मग सगळं वाचून दाखव म्हणाली. त्या काळी नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच द्यावं लागे. ते मी वाचलं. तिने मांडीवर नातीला थोपटत शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्या खयच्या भाशेत?"

"लॅटिन."

"ती कोण बोलतत?"

"आता कोणीच नाही."

"मगे बरा," ती म्हणाली. "भांडाण नाय."

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पेडण्याला आलो. मला कॉलेजात कायमची नोकरी मिळाली. दर सप्टेंबरात मी विद्यार्थ्यांना सड्यांवर नेते, आणि अजून दर तळीपाशी वाकते. करडा गेंद मला पुन्हा कुठे मिळालेला नाही. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, निबंधात नेमकी जागा का नाही? मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली, पण तेवढ्यात पाऊस आला आणि मुलं आडोशाला धावली. मी तिथेच उभी राहिले. एक अख्खा पावसाळा कौलांखाली काढलेल्या मला भिजायला अजून आवडतं.